नवोदयच्या सराव पेपरात बावन्नवर अडकलेली लेक

काटोल तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी गावच्या जिल्हा परिषद शाळेत पाचवीत, नवोदयचा, म्हणजे सहावीपासूनच्या सरकारी निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरून झालेला. जुलैपासून रोज एक सराव पेपर सोडवते, पण ८० पैकी ५०-५५ च्या वर सरकत नाही. आता घरात रोज संध्याकाळी रडारड. नात्यातले म्हणतात, नागपूरच्या निवासी क्लासला टाका, तीन महिन्यांत काढून देतात. ताई स्वतः बारावी झालेल्या, यजमानांचा संत्र्याचा बगीचा. त्या विचारतात, "टाकू की नको? आणि नको तर घरी नेमकं काय करू?"

ताई, नका टाकू. मी नागपूर जिल्ह्यातल्या झेडपी शाळांमध्ये तीस वर्षं शिकवलं, त्यातली वीसेक वर्षं पाचवीचा वर्ग माझ्याकडे होता. नवोदयच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या असतात. पण ग्रामीण म्हणजे गावात घर असणं नव्हे. तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण झालेली हवीत. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी शाळेत नाव असलं तरी मूल शहरी धरलं जातं. नागपूर तर शहर आहेच, पण काटोलही नगर परिषदेचं गाव. कित्येक खेड्यांत चौथीनंतर वर्ग नाही म्हणून पालक पाचवीला तालुक्याच्या हायस्कूलात नाव घालतात आणि लेकराची ग्रामीण जागा जाते. कोणी सांगत नाही, त्यांनाही कळत नाही. निवासी क्लासवाले दोनपैकी एक करतात. नाव त्यांच्या ओळखीच्या शहरातल्या शाळेत घालतात, म्हणजे वरचा घोटाळा. किंवा नाव गावातच ठेवून मूल क्लासला बसवतात आणि इकडे हजेरी खोटी लागते. माझ्या वर्गातला एक हुशार पोरगा असाच दिवाळीनंतर नेला होता. कोणत्या क्लासला, ते इथं लिहीत नाही. पेपर त्याला उत्तम गेला, पण कागदपत्रं तपासताना दाखल्यावर शहरातली शाळा निघाली. त्याच्या वडिलांचा तेव्हाचा चेहरा आठवला की आजही मी कोणाला 'टाका' म्हणत नाही.

तुमच्या लेकीचं नाव गावच्या शाळेत आहे ना, मग ते सोन्यासारखं जपा.

आता ५०-५५ चं, समजा बावन्नचं, बघू. बावन्न या आकड्यावरून मला काहीच कळत नाही. पेपरात तीन भाग असतात: मानसिक क्षमता ४० प्रश्न, अंकगणित २०, भाषा २०. प्रत्येक प्रश्न सव्वा गुणाचा, एकूण १०० गुण, वेळ दोन तास. बावन्न म्हणजे ३४ + ८ + १० असू शकतात, किंवा २४ + १४ + १४. पहिल्या मुलीला गणित येत नाही. दुसरीला येतं, पण ती आकृत्यांत मार खाते. दोघींना एकच औषध देऊन कसं चालेल? तिन्ही भागांत वेगवेगळं पात्र ठरावं लागतं, त्यामुळे एका भागाच्या जोरावर दुसरा तरत नाही.

रोजचा पेपर आजपासून बंद. आठवड्यात एकच, रविवारी, साडेअकरा ते दीड. परीक्षेची वेळ हीच असते म्हणून तीच धरायची. उरलेले सहा दिवस त्याच पेपरातल्या चुकांवर. मीही सुरुवातीची तीन-चार वर्षं पोरांकडून पेपरामागून पेपर सोडवून घेतले. गठ्ठे संपले, निवड एकाची नाही. मग एकदा चिडून एका मुलीला विचारलं, "हे का चुकलं?" ती म्हणाली, "सर, मले वाटलं सगळ्यात मोठी संख्या विचारली." येत नव्हतं असं नाही, तिनं वाचलंच नव्हतं. त्या दिवसापासून मी पेपर तपासताना चुकीची फुली मारणं सोडलं. चूक का झाली हे लेकरू स्वतःच्या तोंडानं सांगेल तेव्हाच पुढे जायचं.

एक शंभरपानी वही करा. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नाखाली लेकीनं स्वतः एक ओळ लिहायची: 'मला हे येत नाही', किंवा 'येत होतं पण सर्वात लहान हा शब्द सुटला', किंवा 'उत्तर ब होतं, गोल क चा काळा केला'. दोन-तीन रविवार झाले की वही आपोआप बोलायला लागते. बहुतेक घरी पालकांना धक्का बसतो, कारण 'येत नाही'च्या ओळी त्यांना वाटतात त्यापेक्षा कमी निघतात.

एक उदाहरण देतो. ६, ८ आणि १२ ने भागल्यास प्रत्येक वेळी ५ बाकी उरते अशी सर्वात लहान संख्या कोणती? पर्याय १९, २४, २९, ५३. लसावि २४, त्यात ५ मिळवले की २९. पण जे पोर पर्यायांवरून ताळा करत बसतं आणि ५३ पासून सुरू करतं, त्याला ५३ सुद्धा बरोबर दिसते, कारण तिन्ही भागाकारांत बाकी ५ च येते. पेपर काढणाऱ्याला हे ठाऊक असतं. चुकीचे पर्याय उगाच ठेवलेले नसतात, प्रत्येक पर्याय म्हणजे एखाद्या नेहमीच्या चुकीचं उत्तर असतं.

तसंच दुसरं, तुमच्या घरचंच. डझनाला ६० रुपये दरानं ५ डझन संत्री घेतली. ६ सडली. उरलेली ६ रुपयाला एक अशी विकली. नफा किती? खरेदी ३०० ची. उरली ५४, विक्री ३२४. नफा २४. सडलेली विसरलं की ३६० ची विक्री आणि उत्तर ६०. पर्यायांत ६० असतंच. बागायतदाराच्या पोरीनं सडलेला माल विसरावा, ही गंमतच आहे; पण विसरतात.

गणितात आणखी एक अडचण आहे, ती लेकीची नाही, पुस्तकाची आहे. नवोदयच्या जुन्या अभ्यासक्रमात लसावि-मसावि, शेकडेवारी, नफा-तोटा, सरळव्याज, घनफळ, वेग-वेळ-अंतर हे सगळं होतं. अलीकडे तो बदलला आहे, तेव्हा यंदाच्या माहितीपत्रकात यातलं काय आहे ते आधी बघा. बालभारतीच्या पाचवीच्या गणितात अपूर्णांक, दशांश, कोन, विभाजक-विभाज्य, परिमिती-क्षेत्रफळ आहे, पण लसावि-मसावि, शेकडेवारी, नफा-तोटा आणि सरळव्याज सहावीच्या पुस्तकात येतात. गावची शाळा कितीही चांगली असो, वर्गात हे आपोआप होणार नाही. सहावीचं गणिताचं पुस्तक मिळवा. बालभारतीच्या संकेतस्थळावर ते फुकट उतरवता येतं, नाहीतर गावात सहावीतून सातवीत गेलेलं एखादं पोर असेलच. यंदाच्या यादीत असतील तेवढेच त्यातले धडे घ्या. जाडजूड गाईडपेक्षा हे बरं, कारण गाईडात उत्तर दिलेलं असतं, रीत नसते.

यादीत सरळव्याज असेल तर ते शिकवायला तुमच्याइतकं चांगलं कोणी नाही. तुम्ही बचत गटात असालच. गटाचं पासबुक काढा. ५,००० रुपये उचलले, महिन्याला शेकडा २ व्याज, ८ महिन्यांचं किती? महिन्याचे १००, आठ महिन्यांचे ८००. हे लेकीला पाच मिनिटांत कळेल. मग सांगा, पेपरात हेच 'द.सा.द.शे. २४' असं लिहून येतं, आणि ८ महिने म्हणजे वर्षाचे दोन तृतीयांश. ५,००० चे २४ टक्के १,२००, त्याचे दोन तृतीयांश ८००. उत्तर तेच. 'दर साल दर शेकडा' हे चार शब्द तिनं स्वतः उलगडून सांगितले की सूत्र पाठ करायची गरज पडत नाही.

वेळेची गणितं घड्याळावर करा, कागदावर नको. १०.४५ ला निघालेली एसटी १.२० ला पोचली तर किती वेळ लागला, यात पोरं दशांशासारखी वजाबाकी करतात. पावणेअकरा ते अकरा पाव तास, अकरा ते एक दोन तास, वर वीस मिनिटं: दोन तास पस्तीस. आपल्या भाषेत पाव, पाऊण, सव्वा, दीड आहे, ते वापरा. आजीला हे हिशेब तोंडी येतात, तिच्याकडे बसवा.

मानसिक क्षमता म्हणजे निम्मा पेपर, आणि सुधारणा सगळ्यात लवकर इथंच होते. चाळीस प्रश्न, चार-चारांचे दहा गट: वेगळी आकृती, जुळणारी आकृती, राहिलेला भाग, मालिका, समसंबंध, त्रिकोण-चौकोन-वर्तुळ पूर्ण करणं, आरशातली प्रतिमा, घडी घालून भोक पाडलेला कागद, तुकडे जोडून होणारी आकृती आणि लपलेली आकृती. यात भाषा नाही, पाढे नाहीत. शिक्षकानं फळ्यावर समजावण्यासारखंही फारसं काही नाही. हातानं करायचं काम आहे, आणि इथंच क्लास कमी पडतात, कारण तिथं एका खोलीत साठ पोरं.

जुन्या कॅलेंडरच्या पानांचे चौकोन कापा. एक घडी, दोन घड्या, तिरकी घडी, आणि उदबत्तीच्या काडीनं भोक. उघडायच्या आधी लेकीनं दुसऱ्या कागदावर काढायचं, उघडल्यावर भोकं किती आणि कुठं दिसतील. मग उघडून बघायचं. असे पन्नास कागद झाले की घडीचा प्रश्न सहसा चुकत नाही. दोन घड्या घातलेल्या चौकोनात एका टोचणीची चार भोकं होतात हे ती पाठ न करता सांगेल, आणि भोक घडीच्या अगदी रेघेवर पडलं तर आकडा का बदलतो तेही. आरशाच्या प्रश्नांना वेणी घालताना धरता तो छोटा आरसा घ्या. आरसा बाजूला उभा धरला की डावं-उजवं बदलतं, वर-खाली नाही. खाली धरला की वर-खाली बदलतं. घाईत पोरं दोन्ही एकदम बदलतात. पेपरातल्या आकृतीत आरशाची रेघ कुठं दाखवली आहे, त्यावर आधी बोट ठेवायची सवय लावा.

मालिकेत एका वेळी एकच गोष्ट बघायची. बाण किती फिरला? पाव फेरा की त्याच्या निम्मा? त्यावरून दोन पर्याय गळतात. मग ठिपके मोजायचे. पोरं पूर्ण आकृतीकडे टक लावून बसतात आणि डोकं गरगरलं की अंदाज ठोकतात. 'राहिलेला भाग' या गटात पर्याय हातानं झाका, मोकळ्या जागेत पेन्सिलीनं भाग काढायला सांगा आणि मगच हात उचला. 'वेगळी आकृती' निवडली की 'का?' हे वाक्यात सांगितल्याशिवाय गुण द्यायचा नाही. "बाकी तिघांच्या रेषा समान आहेत, हिच्या नाहीत," एवढं बोलता आलं पाहिजे.

भाषेचे उतारे सोपे वाटतात म्हणून घरात कोणी लक्ष देत नाही. आपल्याकडची लेकरं घरी 'मले', 'तुले', 'करून राहिला' बोलतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि ती बोली सोडवायला जाऊही नका. पण उतारा पुस्तकी मराठीत असतो, आणि 'निर्धास्त', 'उत्कंठा', 'अनाठायी' असा एक शब्द अडला की त्यावरचे दोन प्रश्न जातात. रोज वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्यानं वाचून घ्या आणि मग म्हणा, "आता हे आजीले तुझ्या भाषेत सांग." पुस्तकी भाषेतून घरच्या भाषेत आणता आलं, म्हणजे समजलं. दुसरं, उत्तर उताऱ्यातच शोधायचं. 'झाडे का तोडू नयेत' याचं लेकीला शाळेत शिकवलेलं उत्तर वेगळं असेल, उताऱ्यात लेखकानं दिलेलं कारण वेगळं असेल. गुण उताऱ्यातल्या कारणाला.

तुमच्या शाळेत सेमी इंग्रजी आहे का, हे तुम्ही लिहिलं नाही. असेल तर फॉर्ममध्ये माध्यम कोणतं टाकलंय ते आजच बघा. सेमीची पोरं गणितात एलसीएम, न्यूमरेटर, सिंपल इंटरेस्ट म्हणतात. घरचे सवयीनं मराठी माध्यमावर टिक करून देतात, आणि परीक्षेत 'अंश', 'छेद', 'मुद्दल' बघून पोर बावचळतं. अर्जाची मुदत संपल्यावर थोडे दिवस दुरुस्तीची सोय मिळते, त्यात माध्यम आणि ग्रामीण-शहरी हा रकाना बदलता येतो. ती वेळ निघून गेली असेल तर घाबरू नका. दोन्ही भाषांतले पंचवीस-तीस शब्द समोरासमोर लिहून भिंतीला चिकटवा, पंधरा दिवसांत होऊन जातं.

आता ओएमआर शीट, म्हणजे गोल काळे करायची उत्तरपत्रिका. सगळ्यात जास्त रडू मी इथं पाहिलंय. निळ्या किंवा काळ्या बॉलपेननंच गोल भरायचा, खोडायला जागा नाही. माझी एक विद्यार्थिनी होती, पाढे तोंडपाठ, आकृत्या झटपट. तेविसावा प्रश्न तिनं 'नंतर बघू' म्हणून सोडला आणि चोविसाव्याचं उत्तर तेविसाव्या ओळीत भरलं. तिथून पुढचे सगळे गोल एक-एक ओळ वर सरकले. शेवटी एक ओळ उरली तेव्हा तिला कळलं. दहा वर्षांचं पोर, काय करणार?

म्हणून रविवारचा पेपर कधीही नुसता वहीत सोडवू द्यायचा नाही. झेरॉक्सवाल्याकडून कोऱ्या ओएमआरच्या पंधरा-वीस प्रती आणा. चार प्रश्नांचा गट झाला की चार गोल भरायचे, आणि भरताना प्रश्नाचा क्रमांक ओठांत म्हणायचा. सगळे गोल शेवटी भरू म्हणणारे अडकतात, आणि दर प्रश्नाला पेपर-शीट-पेपर करणाऱ्यांचा वेळ जातो. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही गोल कोरा राहायला नको. शेवटची पाच मिनिटं त्यासाठीच. तास-अर्धा तास-अर्धा तास अशी वाटणी सांगितलेली असते. सरावानं आकृत्या पंचेचाळीस-पन्नास मिनिटांत होऊ लागतात, वाचलेली दहा-पंधरा मिनिटं गणिताला द्यायची.

वेळ किती आहे म्हणाल तर फार नाही. २०२५ मध्ये १८ जानेवारीला परीक्षा झाली आणि पुढच्या तुकडीची त्याच वर्षी १३ डिसेंबरलाच घेतली. आपल्या विदर्भात उन्हामुळं शाळा मुळात उशिरा उघडतात. पोळा झाला, आता गणपती-महालक्ष्म्या, मग दसरा, दिवाळी. सणांना अभ्यास बंद ठेवा, खरंच ठेवा. फक्त सहावीच्या पुस्तकातले धडे दिवाळीच्या आत संपलेले असावेत. रोजचा अभ्यास शाळेव्यतिरिक्त दीड तास, त्यात अर्धा तास कागद-आरसा. दहा वर्षांच्या लेकराला याहून जास्त बसवलं की ते बसतं, पण शिकत नाही.

नातेवाईक सैनिक शाळेचंही म्हणतील, चंद्रपूरला आता झाली आहे म्हणून. सहावीचा तो पेपर वेगळा: १२५ प्रश्न, ३०० गुण, त्यातले निम्मे एकट्या गणिताचे, शिवाय सामान्य ज्ञान. फीही मोठी. हिचं गणित अजून उभं राहतंय, तेव्हा दोन्ही दगडांवर पाय नको. चौथीत शिष्यवृत्तीचा अभ्यास केला असेल तर तो मात्र वाया जात नाही, त्यातली बुद्धिमत्ता इथं कामीच येते.

रडारड थांबवण्यासाठी एक करा. घरात 'तुझं नाही झालं तर' हे वाक्य बंद. नवोदयला सहावीसाठी एकदाच बसता येतं, जागा जास्तीत जास्त ८० आणि अर्ज हजारोंनी, हे तुम्हाला ठाऊक असू दे, तिला सारखं ऐकवू नका. नाहीच झालं तर आठवीत असताना नववीच्या रिकाम्या जागांसाठी परीक्षा असते. आणि झालं, तर तिला अकराव्या वर्षी घर सोडून नवेगाव खैरीला, आपल्या जिल्ह्याच्या नवोदयमध्ये, राहायचंय, याची तयारी कोणत्याच क्लासला होत नाही. स्वतःचे कपडे धुणं, वेणी स्वतः घालणं, ताटातलं संपवणं, अंगात कणकण असली तर मोठ्या माणसाला जाऊन सांगणं, हे आतापासून. निवड होऊन पंधरा दिवसांत परत आलेली पोरं मी पाहिली आहेत. त्यातलं एकही अभ्यासामुळं परत आलं नव्हतं.

खर्चाची चिंता यजमानांना असेल तर सांगा, राहणं-जेवण-पुस्तकं-गणवेश फुकट. नववीपासून महिन्याला ६०० रुपये विकास निधी असतो, तोही मुलींना माफ. गंमत म्हणजे देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं १९८५-८६ साली निघाली, त्यातलं एक आपल्या शेजारच्या अमरावतीचं. पण आपल्याकडच्या कितीतरी घरांना अजून हे फी भरून घ्यायचं बोर्डिंग वाटतं.

शेवटचं. फॉर्म कुठं भरला? सेतू केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात भरला असेल तर त्यात मोबाईल नंबर कोणाचा टाकलाय ते उद्याच जाऊन बघा. दुकानदार घाईत स्वतःचाच टाकतात. रजिस्ट्रेशन नंबर आणि लेकीची जन्मतारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. हॉलतिकीट आणि निकाल त्यावरच निघतो. पहिल्या यादीत नाव नसलं तरी नंतर प्रतीक्षा यादीतून बोलावणं येऊ शकतं, आणि तेव्हा फोन दुकानदाराच्या खिशात वाजायला नको.